सेप्टिक टाकीत पावडर टाकत राहू का?

वाचकाचं पत्र

आमचं घर रत्नागिरी जिल्ह्यात, जांभ्याच्या जमिनीवर आहे. चार वर्षांपूर्वी बांधलं. सेप्टिक टाकी चिऱ्याची, आतून ६ फूट लांब, ३ फूट रुंद, आत ४ फूट पाणी राहतं. पुढे शोषखड्डा आहे. संडास, न्हाणीघर, वॉशिंग मशीन, सगळ्यांचं पाणी त्याच टाकीत जातं. घरात आम्ही सहाजण, गणपतीत मुंबईची मंडळी आली की वीसजण होतो. या पावसाळ्यात फ्लश केलं की भांड्यातलं पाणी वर चढतं, गुडगुड आवाज येतो आणि परसात वास सुटतो. दुकानदाराने बॅक्टेरियाची पावडर दिली, दर महिन्याला एक पुडी टाकायची म्हणून. दोन पुड्या झाल्या, फरक शून्य. गवंडी म्हणतो, टाकी नीट बांधलेली असली की ती कधी उपसावीच लागत नाही. आमची विहीर शोषखड्ड्यापासून चाळीस फुटांवर आहे. पावडर चालू ठेवू, की टाकी फोडून मोठी बांधू?
– एक गृहिणी

उत्तर

ताई, पावडर बंद करा आणि टाकीही फोडू नका. तुमची टाकी सहा माणसांना पुरेशी आहे. अडचण बहुतेक टाकीच्या पुढे, शोषखड्ड्यात आहे, आणि टाकी चार वर्षं न उपसल्याने ती वाढली आहे. पत्रातली सर्वांत काळजीची गोष्ट मात्र तुम्ही शेवटी, जाता जाता लिहिली आहे. ती म्हणजे विहीर. तिच्याबद्दल खाली सविस्तर लिहिलं आहे, पण आजपासूनच पिण्याचं पाणी उकळून घ्या.

आधी टाकीत काय घडतं ते पाहू, म्हणजे पावडरीचा उपयोग का नाही ते कळेल. संडासाचं पाणी टाकीत आलं की त्याचा वेग मोडतो. जड मैला खाली बसतो, तेल, चरबी, साबणाचा फेस वर तरंगून त्याचा थर धरतो आणि मधे त्यातल्या त्यात निवळ पाणी राहतं. तळाच्या गाळात हवा नसते. तिथे हवेशिवाय जगणारे जिवाणू कामाला लागतात, आणि ते एका जातीचे नसतात. पहिला गट मैल्यातली प्रथिनं, पिष्ट आणि चरबी विरघळवतो. दुसरा त्यापासून आम्लं बनवतो. तिसरा ती आम्लं खाऊन मिथेन आणि कार्बन डायऑक्साइड सोडतो. हा तिसरा गट सर्वांत सावकाश वाढणारा आणि सर्वांत नाजूक. पाणी आंबट झालं की तो मागे पडतो, मग आम्लं साचतात आणि वास वाढतो. नव्या टाकीला पहिले काही आठवडे जास्त वास येतो तो यामुळेच. कोकणातली बारमाही ऊब या जिवाणूंना मानवते, त्या बाबतीत तुम्ही नशीबवान आहात.

हे सगळे जिवाणू माणसाच्या विष्ठेतूनच येतात. सहाजणांच्या घरात त्यांची भर दिवसातून अनेकदा पडते. अब्जावधींच्या त्या गर्दीत महिन्याला एका पुडीने काय फरक पडणार? काही पावडरी आणि द्रावणं तर गाळ सैल करून वर उचलतात. टाकी हलकी झाल्यासारखी वाटते, पण तो गाळ पुढे जाऊन शोषखड्ड्याच्या भिंती बुजवतो, आणि तिथलं नुकसान भरून काढणं टाकी उपसण्यापेक्षा कितीतरी जास्त खर्चाचं असतं. गूळ, यीस्ट, मेलेली कोंबडी असले उपायही गावोगाव सांगितले जातात, त्यांचीही गरज नाही. नवी टाकी सुरू करताना ती आधी बाहेर जाणाऱ्या पाइपच्या पातळीपर्यंत साध्या पाण्याने भरावी आणि चालत्या टाकीतला थोडा कुजलेला गाळ किंवा थोडं कुजलेलं शेण घालावं, एवढंच भारतीय मानक आयएस २४७० सांगतं. तेही एकदाच.

आता गवंड्याचं म्हणणं. जिवाणू सगळंच खाऊन टाकतात हा समज चुकीचा आहे. वाळू, माती, राख, केस, काथ्या, कागदाचे चिवट धागे आणि मेलेल्या जिवाणूंचाच काही भाग तळाशी उरतो. तुमच्याकडे भांडी राखेने आणि नारळाच्या शेंडीने घासत असाल आणि ते पाणीही याच टाकीत जात असेल, तर ती राख तिथे वर्षानुवर्षं तशीच पडून राहील. माणशी वर्षाला साधारण ३० ते ६० लिटर गाळ साठतो. मधला ४० लिटरचा आकडा धरला तरी सहा माणसांचा चार वर्षांचा गाळ ९६० लिटर होतो. तुमची टाकी सुमारे २,००० लिटरची, म्हणजे निम्मी टाकी आजच गाळाने भरलेली असणार. गाळ आणि वरचा तवंग मिळून पाण्याच्या खोलीच्या एक तृतीयांशावर गेले की उपसायचं. साधारण दोन ते तीन वर्षांनी ही वेळ येतेच.

ज्या टाकीला कधीच उपसा लागत नाही, तिला बहुतेक वेळा तळच नसतो किंवा तिच्या चिऱ्यांतून पाणी झिरपत असतं. पैसे वाचवायला तळाचं काँक्रीट गाळलेल्या आणि आतून प्लास्टर न केलेल्या टाक्या आपल्याकडे सर्रास दिसतात. मालक खूश असतो आणि मैला सरळ भूजलात उतरत असतो. तुमची टाकी बांधताना तळाला काँक्रीट आणि आतून सिमेंटचा गिलावा केला होता का, हे गवंड्याला सरळ विचारा.

टाकीचं माप ठीक आहे हे कशावरून? याच मानकात दहा माणसांसाठी २ मीटर लांब, ९० सेंटिमीटर रुंद आणि वर्षाला एकदा उपसा असेल तर १ मीटर, दोन वर्षांनी असेल तर १.४ मीटर पाण्याची खोली दिली आहे. त्यावर ३० सेंटिमीटर मोकळी जागा. तुमची टाकी जवळपास १.८ मीटर लांब, ९० सेंटिमीटर रुंद आणि १.२ मीटर खोल पाण्याची आहे. सहाजणांना ती पुरून उरते. पण पाणी टाकीत किमान एक ते दोन दिवस थांबलं तरच मैला खाली बसतो. गणपतीत वीस माणसांचं सगळं पाणी, माणशी १०० लिटर धरलं तरी रोज २,००० लिटर होतं. निम्मी टाकी गाळाने अडलेली असेल, तर ते पाणी जेमतेम अर्धा दिवस थांबेल आणि मैल्यासकट पुढे जाईल. हेच फक्त संडासाचं पाणी टाकीत सोडलं तर माणशी ४० लिटर, म्हणजे ८०० लिटर. तेवढं तुमची आजची टाकीसुद्धा एक दिवस धरून ठेवू शकते.

म्हणून गणपतीच्या आधी करायचं पहिलं काम हे: न्हाणीघर आणि वॉशिंग मशीनचं पाणी टाकीतून काढून वेगळ्या पाइपने केळी, अळू, माड यांच्या आळ्यांकडे न्या. मधे एक छोटा जाळीचा खड्डा ठेवा, केस आणि धागे तिथे अडतील. पाणी विहिरीच्या विरुद्ध बाजूला न्या, उताराचा अंदाज घ्या आणि ते एकाच जागी साचू देऊ नका. एका प्लंबरचं हे काम आहे, आणि जेवढा फरक याने पडेल तेवढा दुसऱ्या कशानेही पडणार नाही.

दुसरं काम, पन्हळीचं आणि अंगणाचं पाणी कुठे जातं ते पावसात छत्री घेऊन स्वतः बघा. हजार चौरस फुटांच्या छपरावर १०० मिलिमीटर पाऊस पडला की ९,००० लिटरांहून जास्त पाणी येतं, म्हणजे तुमच्या चार टाक्या भरून वर. यातलं थोडंसं जरी चेंबरच्या सैल झाकणातून आत गेलं, तरी सगळा गाळ ढवळून शोषखड्ड्यात जाईल. झाकणं आजूबाजूच्या जमिनीपेक्षा किमान चार बोटं उंच हवीत आणि कडेने मातीचा बांध हवा.

आता नेमकं कुठे तुंबलं आहे ते कसं ओळखायचं? पाऊस थांबलेला असताना दिवसा टाकीच्या बाहेरच्या टोकाचं झाकण उघडा. हे काम दोन माणसांनी करायचं. झाकण बाजूला करून अर्धा तास दूर थांबा, त्यावर वाकू नका, विडी, काडेपेटी, उदबत्ती काहीही पेटतं जवळ नको, मुलांना आणि गुरांना लांब ठेवा. मग उभ्यानेच पाहा. बाहेर जाणाऱ्या पाइपच्या तळाच्या रेषेबरोबर पाणी असेल तर शोषखड्डा पाणी घेतो आहे, आणि अडथळा घर ते टाकी यामधल्या पाइपमध्ये किंवा आत येण्याच्या टी-पाइपमध्ये, म्हणजे इंग्रजी T च्या आकाराच्या जोडात आहे. तिथे बहुधा सॅनिटरी पॅड, डायपर, ओले टिश्यू किंवा गोठलेल्या तेलाचा गोळा सापडतो. पाणी मात्र पाइप बुडवून वर चढलेलं असेल तर शोषखड्डा भरला आहे. तुम्ही लिहिता की त्रास पावसाळ्यात सुरू झाला, त्यावरून दुसरीच शक्यता जास्त दिसते. जमिनीतलं पाणी वर आलं की खड्ड्यातलं पाणी जाणार कुठे?

झाकण उघडलंच आहे तर गाळही मोजून घ्या. बांबूच्या खालच्या चार फुटांना पांढरा जुना टॉवेल घट्ट गुंडाळा, तो सावकाश तळाला टेकवा, काही मिनिटं तसाच धरा आणि सरळ वर काढा. जिथवर काळा, चिकट गाळ धाग्यांत बसला आहे तिथवर गाळाचा थर. त्याच्या वर टॉवेल नुसता करडा, ओला असेल. तवंगासाठी काठीच्या टोकाला आडवी फळी ठोका, तवंगातून खाली घाला आणि वर ओढा. फळी जिथे अडते ती तवंगाची खालची बाजू. गाळ आणि तवंग मिळून सोळा इंचांच्या वर गेले असतील तर उपसा हवाच. काठी आणि टॉवेल नंतर ब्लीचिंगच्या पाण्यात बुडवा, हात साबणाने धुवा.

आत येणाऱ्या आणि बाहेर जाणाऱ्या, दोन्ही पाइपना टी बसवलेला दिसला पाहिजे. आत येणारा पाइप बाहेर जाणाऱ्यापेक्षा ५ सेंटिमीटर उंच असावा. बाहेरच्या टीचं खालचं तोंड तवंगाच्या खाली पण गाळाच्या वर, म्हणजे पाण्याच्या खोलीच्या साधारण तिसऱ्या हिश्शापर्यंत बुडलेलं हवं. गाळातून वायूचे बुडबुडे वर येताना मैल्याचे कण उचलून आणतात. टी नसेल तर ते कण आणि तवंग दोन्ही सरळ शोषखड्ड्यात जातात. १०० मिलिमीटरच्या पीव्हीसी टीचा हा एक तुकडा, पण अनेक गवंडी तो गाळतात आणि मग दोन-तीन वर्षांत शोषखड्डा बुजतो.

वास आणि गुडगुड यांचा संबंध बऱ्याचदा हवेच्या पाइपशी असतो. टाकी घराच्या १५ मीटरच्या आत असेल तर तो घराच्या छपरापेक्षा २ मीटर उंच न्यायचा, किमान ५० मिलिमीटर व्यासाचा हवा, टोकाला डासांची जाळी. तुमच्याकडे तो कमरेएवढाच असेल तर परसात वास येणारच. जाळी शेवाळाने बुजली किंवा वर पक्ष्याने घरटं केलं की हवा भांड्याच्या पाण्यातून वाट काढते. टाकीतल्या हायड्रोजन सल्फाइडने काँक्रीटही खाल्लं जातं. झाकणाच्या खालच्या बाजूचा थर हाताळताच भुगा होऊन पडत असेल किंवा सळया गंजून उघड्या दिसत असतील, तर त्या झाकणावर कुणी पाय ठेवू नये. गाडी तर नाहीच.

फिनेल, अ‍ॅसिड, ब्लीच यांचा नेहमीचा थोडा वापर टाकी सहन करते. संडासाचं भांडं घासायला आठवड्यातून चमचाभर अ‍ॅसिड चालेल. बाटलीच्या बाटली ओतली तर तो नाजूक तिसरा गट मरतो आणि टाकी पुन्हा सावरायला आठवडे लागतात. तळणीचं उरलेलं तेल, औषधांच्या जुन्या गोळ्या, रंगाचे डबे यातलं काहीच संडासात नको.

उपसा कधी करायचा? खरा हंगाम मार्च ते मे. भर पावसात भूजल वर असताना टाकी पूर्ण रिकामी केली तर बाहेरच्या पाण्याचा दाब तळावर आणि भिंतींवर येतो. प्लास्टिकची टाकी असेल तर ती वर उचलली जाते, चिऱ्याची असेल तर तळ उचलतो किंवा भिंतींना भेगा पडतात. म्हणून यंदा तवंग आणि वरचा अर्धा भागच उपसून घ्या, आणि लगेच टाकी साध्या पाण्याने भरा. पूर्ण उपसा उन्हाळ्यात. तेव्हाही दह्याला विरजण राखतो तसा थोडा गाळ मागे राखा, टाकी धुऊन चकाचक करू नका.

उपसा फक्त व्हॅक्यूमच्या गाडीने, बाहेर उभं राहून पाइप सोडून. कुणालाही आत उतरवू नका, शेजाऱ्याच्या ओळखीचा, सवयीचा माणूस असला तरी नाही. आत प्राणवायू नसतो आणि हायड्रोजन सल्फाइड जास्त प्रमाणात असला की नाकाला त्याचा वासच कळेनासा होतो. पहिला माणूस कोसळतो, त्याला काढायला दुसरा उतरतो आणि दोघेही जातात. हे वर्तमानपत्रात पुन्हापुन्हा येतं आणि तरी थांबत नाही, याचं मनापासून वाईट वाटतं. २०१३ च्या कायद्याने सुरक्षा साधनांशिवाय माणूस टाकीत उतरवणं हा गुन्हा आहे. पहिल्या वेळी दोन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. घरमालकही यातून सुटत नाही.

गाडीवाल्याला गाळ कुठे टाकणार हेही विचारा. ओढ्यात, वहाळात, पडीक वाफ्यात नको. या गाळात जंतांची अंडी असतात आणि ती महिनोन्महिने जिवंत राहतात, त्यामुळे कच्चा गाळ भाजीला घालणंही धोक्याचं. वाई आणि सिन्नर या नगरपरिषदांनी मैला गाळ प्रक्रिया केंद्रं उभारली आणि लोकांच्या तक्रारीची वाट न पाहता ठरावीक वर्षांनी घरोघरच्या टाक्या उपसायची पद्धत घातली. तुमच्या जवळच्या नगरपरिषदेचं असं केंद्र आहे का, हे ग्रामपंचायतीत विचारा.

आता विहीर. टाकीतून बाहेर पडणारं पाणी निवळ दिसलं तरी शुद्ध नसतं. टाकी सेंद्रिय घाण निम्म्याच्या आसपास कमी करते, पण कावीळ, हगवण, विषमज्वर यांचे जंतू त्या पाण्यात असू शकतात. उरलेलं काम मातीने करायचं असतं: कोरड्या, हवेशीर मातीच्या थरातून पाणी हळूहळू गाळलं गेलं की जंतू अडतात आणि मरतात. म्हणून शोषखड्डा आणि विहीर यांत किमान १८ मीटर, म्हणजे ६० फूट अंतर हवं. तुमचं अंतर ४० फूट, आणि त्यात जांभा. जांभ्याच्या भोकांतून आणि भेगांतून पाणी इतकं भरभर पळतं की तिथे ६० फूटही निर्धास्त नाहीत. पावसाळ्यात खड्ड्याचा तळच भूजलात बुडला, तर मधे गाळायला माती उरतच नाही.

ग्रामपंचायतीच्या जलसुरक्षकाकडून पाण्याचा नमुना तपासून घ्या. एच-टू-एस (हायड्रोजन सल्फाइड) चाचणीच्या छोट्या बाटलीत पाणी भरून ठेवलं आणि ते एक-दोन दिवसांत काळं पडलं, तर मैल्याचा संसर्ग असल्याचा संशय धरायचा आणि नमुना प्रयोगशाळेत पाठवायचा. १०० मिलिलिटर पाण्यात ई-कोलाय हा मैल्यातून येणारा जिवाणू एकही आढळता कामा नये. मैल्यातून पाण्यात उतरणारं नायट्रेटही तपासा, मर्यादा लिटरला ४५ मिलिग्रॅम आहे. नायट्रेट उकळून जात नाही, उलट पाणी आटल्याने वाढतं. घरात वर्षाच्या आतलं बाळ असेल आणि नायट्रेट जास्त निघालं, तर त्याच्या दुधासाठी दुसरीकडचं पाणी आणा.

कायमचा उपाय म्हणजे शोषखड्डा बंद करून विहिरीपासून दूर, उताराच्या खालच्या बाजूला उथळ चर काढणं. आधी जमीन पाणी किती पिते ते मोजा. चराच्या खोलीइतका, वीतभर रुंद खड्डा खणा, तळाला ५ सेंटिमीटर खडी घाला, रात्रभर पाणी भरून जमीन भिजू द्या. दुसऱ्या दिवशी खडीवर १५ सेंटिमीटर पाणी ठेवून पातळी २५ मिलिमीटर उतरायला किती मिनिटं लागतात ते पाहा. समजा २५ मिनिटं लागली. मानकातल्या सूत्राप्रमाणे २०४ ला मिनिटांच्या वर्गमुळाने भागायचं: २०४ भागिले ५, म्हणजे चौरस मीटरला रोज सुमारे ४० लिटर. सहाजणांचं संडासाचं पाणी २४० लिटर, म्हणून ६ चौरस मीटर तळ हवा. ६० सेंटिमीटर रुंदीचा चर १० मीटर लांब काढला की झालं. खोली ५० सेंटिमीटर ते १ मीटर, तळाला धुतलेली खडी, त्यात सुट्या सांध्यांचा किंवा भोकांचा ७५ ते १०० मिलिमीटरचा पाइप, वर पुन्हा खडी, मग माती. पाहुण्यांच्या दिवसांसाठी तेवढाच दुसरा चर दोन मीटर सोडून काढला तर आलटूनपालटून वापरता येईल. पाणी उतरायला तासाहून जास्त वेळ लागला, किंवा दोन फुटांवरच कातळ लागला, तर चर चालणार नाही. मग टाकीपुढे खालून वर पाणी जाणारा खडीचा अपफ्लो फिल्टर बांधून, त्यातलं पाणी मातीची भर घालून उंच केलेल्या वाफ्यात सोडावं लागेल. त्याची आखणी पंचायत समितीच्या पाणी व स्वच्छता विभागातल्या अभियंत्याला दाखवूनच करा.

याउलट खड्डा खणून पाणी ओतताच दोन-तीन मिनिटांत गडप झालं, तर आनंद मानू नका. अशा जमिनीत पाणी गाळलं जात नाही. चराच्या तळाला आणि बाजूंना एक-दीड फूट बारीक वाळूमिश्रित माती भरून मगच खडी घाला.

चर सुरू झाल्यावर पहिल्या पावसाळ्यात, जुलै आणि सप्टेंबरमध्ये, विहिरीचं पाणी पुन्हा तपासा. दोन्ही वेळा स्वच्छ निघेपर्यंत उकळणं थांबवू नका.